राखणीच्या कुत्रीचे नाव आणि दराऱ्याचा भ्रम

मोठ्या अंगाच्या राखणदार कुत्रीला भारदस्त, शक्य तर धडकी भरवणारे नाव हवे, हा समज शहरातल्या बंगल्यांपासून शेतावरच्या वस्त्यांपर्यंत पक्का रुजलेला आहे. रॉटवायलरचे दोन महिन्यांचे पिल्लू घरी येते, त्याला अजून जिना उतरता येत नाही, आणि त्याचे बारसे ‘रणचंडी’, ‘ज्वाला’, ‘डेंजर’ किंवा थेट ‘किलर’ या नावाने होते. ‘चिंगी’, ‘चंपी’, ‘सोनी’ ही नावे दारात लोळणाऱ्या गावठी कुत्रीला ठीक, चाळीस किलोच्या राखणदारणीला ती शोभत नाहीत, असे वर ऐकवले जाते. या मताचे पुरस्कर्ते सांगतात की नावाने चोराला जरब बसते, नावाप्रमाणे कुत्रीचा स्वभाव घडतो, आणि मादी मुळात नरापेक्षा मवाळ असल्यामुळे तिची उणीव नावाने भरून काढावी लागते. तपासायला घेतले तर यातले एकही कारण टिकत नाही. उलट राखणीच्या कामाला जे नाव खरोखर उपयोगी पडते, त्याच्या आड हाच समज येतो.

आधी जरबेचे पाहू. चोर कुंपणाशी येतो तेव्हा त्याला कुत्रीचे नाव ठाऊक नसते आणि ठाऊक करून घेण्याची त्याला गरजही नसते. त्याच्या कानावर पडते ते भुंकणे, डोळ्यांना दिसतो तो आकार. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या कोल्युमेला या रोमन लेखकाने शेतीवरच्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या खंडात राखणीच्या कुत्र्यांविषयी बारकाईने लिहिले आहे. वाड्याची राखण करणारे कुत्रे अंगाने थोराड आणि आवाजाने भरदार असावे, म्हणजे वाईट हेतूने आलेला माणूस आधी ऐकून आणि मग पाहून घाबरेल, असे तो सांगतो. रंगाचाही त्याने विचार केला आहे. वाड्यासाठी काळे कुत्रे चांगले, कारण दिवसा ते जास्त उग्र दिसते आणि रात्री अंधारात मिसळून जाते. मेंढपाळासाठी पांढरे चांगले, म्हणजे धूसर उजेडात लांडगा समजून त्यालाच कुणी मारत नाही. धाक बसवण्याचे काम कोल्युमेलाने आवाजाला, आकाराला आणि रंगाला दिले. नावापाशी आल्यावर तो धाकाचा विषयही काढत नाही. हाक मारताच कुत्र्याला चटकन कळावे म्हणून नाव फार लांब नसावे, आणि दोन अक्षरांपेक्षा आखूडही नसावे, एवढीच त्याची अट.

दराऱ्याच्या नावांचे पुरस्कर्ते याच कोल्युमेलाची साक्ष काढू शकतील, कारण मादीसाठी त्याने दिलेल्या नमुन्यांत ‘लुपा’ म्हणजे लांडगीण आणि ‘टिग्रिस’ म्हणजे वाघीण ही नावे आहेत. पण त्या दोघींच्या मधोमध ‘केर्वा’ हे नाव आहे, आणि केर्वा म्हणजे हरिणी. ग्रीक नावांतही शौर्य आणि बळ यांच्या शेजारी ‘स्पूदे’ म्हणजे तत्परता बसली आहे. वाड्याच्या कुत्रीला हरिणी म्हणण्यात त्या काळच्या या शेतीतज्ज्ञाला काही विसंगत वाटले नाही. हाकेला नाव सोयीचे आहे ना, एवढे त्याने पाहिले.

मग कुत्रीचे नाव रोज कुणाच्या कानावर पडते? दूध टाकणाऱ्याच्या, पेपरवाल्याच्या, सिलिंडर खांद्यावर घेऊन येणाऱ्याच्या, धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या, शेजारच्या मुलांच्या आणि जनावरांच्या डॉक्टरांच्या. ही सगळी माणसे दारात यायला हवी असलेली आहेत, आणि ‘किलर’ या नावाने घाबरतात ती हीच. घाबरलेला माणूस फाटकात थबकतो, हात वर घेतो, पिशवी छातीशी धरतो, कधी पाठ फिरवून पळ काढतो. पळणाऱ्याच्या मागे धावणे कुत्र्याच्या रक्तात असते. म्हणजे दराऱ्याच्या नावाने चोराचे काही बिघडत नाही, दूधवाल्याचा धोका मात्र वाढतो. परक्याला इशारा द्यायचाच असेल तर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी फाटकावर लावावी. ती चोरालाही वाचता येते.

मोठ्या कुत्र्यांविषयीची भीती अलीकडे सरकारी कागदापर्यंत पोहोचली आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने रॉटवायलर, कंगाल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड यांच्यासह २३ जातींची आयात, विक्री आणि पैदास थांबवावी, असे राज्यांना कळवले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. पाळीव जनावराबाबत हलगर्जी करून माणसाला इजा होण्याचा धोका निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे कलम कुत्रीचे नाव विचारत नाही. पण तक्रार लिहिणारा शेजारी नाव लिहितोच, आणि ‘डेंजर नावाची कुत्री अंगावर आली’ हे वाक्य मालकाच्या बाजूने कधीच वाचले जात नाही.

दराऱ्याच्या नावामागची मोठी चूक याहून खोल आहे. नाव कुत्रीला पुढे धाडण्यासाठी आहे, असे तिथे गृहीत धरलेले असते. राखणीच्या जातिवंत कुत्रीला पुढे धाडावे लागत नाही, ती आपण होऊन पुढे जाते. मराठी घरात कुत्र्याला अंगावर घालायला ‘छू’ आहे, हुसकायला ‘हाड’ आहे, जवळ बोलवायला ‘यू यू’ आहे, आणि यांतल्या कशालाच नावाची गरज लागत नाही. नावाची खरी गरज पडते ती कुत्री भुंकत पुढे गेलेली असताना तिला परत वळवण्यासाठी.

सकाळचे सहा वाजलेले आहेत. नेहमीचा दूधवाला आजारी म्हणून त्याचा पुतण्या आला आहे. फाटकाची कडी वाजते. पोर्चमधली कुत्री उठते, तीन ढांगांत फाटक गाठते आणि पुढचे पाय आडव्या पट्टीवर ठेवून उभी राहते. आता तिचे तोंड त्या पोराच्या तोंडासमोर आहे. कुत्रीला शिकवणारा घरातला तरुण अजून झोपलेला आहे. जागी आहे ती आजी, स्वयंपाकघरात, हात कणकेत, शेजारी कुकरची शिट्टी. या वेळी नाव आजीच्या तोंडून, आजीच्या आवाजात, कुकरच्या वरताण फाटकापर्यंत पोहोचायला हवे. ‘झेनोबिया’ तिच्या जिभेवर येत नाही. ‘रणरागिणी’ अर्ध्यात अडखळते. मग आजी नुसते ‘अगं ए’ म्हणते, आणि ‘अगं ए’ तर ती सुनेलाही म्हणते. रॉटवायलर मादीचे प्रमाण वजन सुमारे ४२ किलो धरले जाते. एवढे धूड गळपट्ट्याला धरून मागे ओढणे आजीच्या ताकदीबाहेरचे आहे. तिच्या हाती हाक तेवढी आहे.

दराऱ्याच्या नावाचा आणखी एक तोटा सहसा लक्षात येत नाही. अशी नावे बहुधा दराऱ्याच्या प्रसंगीच उच्चारली जातात. पाहुण्यांच्या मुलाला गंमत म्हणून ‘किलर, पकड!’ असे म्हटले जाते. फाटकाशी कुणी आले की मालक कौतुकाने मोठ्याने नाव घेतो. कुत्रीला अर्थ कळत नाही, पण नाव कानी पडले की काय घडते हे तिला बरोबर कळते. नाव आणि ताणलेला पट्टा, नाव आणि मालकाचा चढलेला आवाज, नाव आणि समोरचा परका यांची सांगड बसली की तेच नाव तिला उचकवू लागते. नाव घेताच तिने मालकाकडे वळून पाहावे, ही खरी अपेक्षा. तिथे ती नाव ऐकून फाटकाकडे पाहू लागते. साध्या नावाचेही असे मातेरे होऊ शकते, नाही असे नाही. पण ‘तारा, पकड!’ असे म्हणायचे कुणाच्या सहसा मनात येत नाही. ‘किलर’ मात्र तो विनोद सोबत घेऊनच घरात येते.

नावाप्रमाणे स्वभाव घडतो, ही समजूत माणसांच्या बारशातून कुत्र्यांकडे आली असावी. राखणदार कुत्र्याचा स्वभाव कशाने घडतो, याचा अभ्यास झालेला आहे. रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅम्पशायर कॉलेजमधून कळपाची राखण करणाऱ्या कुत्र्यांचा प्रकल्प चालवला. इटलीची मरेमा, बाल्कन प्रदेशातली शारप्लानिनाच, तुर्कस्तानातली अनातोलियन अशा जातींची पिल्ले त्यांनी शेतकऱ्यांना दिली आणि ती कशी वाढतात ते वर्षानुवर्षे पाहिले. चांगल्या राखणदारात त्यांना तीन गुण महत्त्वाचे वाटले. त्याने कळपाला इजा करू नये, कळपाकडे लक्ष ठेवून त्याच्याबरोबर राहावे, आणि कळपावर संकट आले तर आड यावे. हे गुण जातीतून येतात आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत पिल्लू कुणाच्या सहवासात वाढते त्यावर पक्के होतात. मेंढ्यांत वाढलेले पिल्लू मेंढ्यांना आपले मानते. हिमालयात भोटिया कुत्र्याच्या गळ्यात बिबट्याच्या जबड्यापासून बचाव म्हणून लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, तुर्कस्तानात कंगालच्या गळ्यात लांडग्यासाठी तसाच पट्टा असतो. नावाने बचाव होत असता तर त्या मेंढपाळांनी लोखंडाचा खर्च कशाला केला असता?

मवाळ नावाची कुत्री राखण करत नाही म्हणणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातले मिडल आयलंड पाहावे. वॉर्नमबूल गावाच्या किनाऱ्यालगतच्या या चिमुकल्या बेटावर छोट्या पेंग्विनांची वसाहत आहे. ओहोटीला पाणी उतरले की कोल्हे चालत बेटावर जात. कधीकाळी शेकड्यांनी असलेले पेंग्विन २००५ पर्यंत दहाच्याही खाली आले. २००६ मध्ये जवळच्या एका कोंबडीपालकाच्या सूचनेवरून तिथे मरेमा कुत्री राखणीला ठेवण्यात आली. पहिल्या कुत्रीचे नाव ‘ऑडबॉल’, म्हणजे विक्षिप्त, जरा चक्रम. पुढे अनेक वर्षे काम केलेल्या दोन बहिणींची नावे ‘युडी’ आणि ‘टुला’. छोट्या पेंग्विनाच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द युडिप्टुला, त्याचे दोन तुकडे करून ती ठेवलेली. राखणदारणींना ज्यांची राखण करायची त्यांचेच नाव! पेंग्विनांची संख्या पुन्हा शंभरावर गेली. २०१७ मध्ये समुद्र खवळल्यामुळे कुत्र्यांना बेटावर नेता येईना, तेव्हा कोल्ह्यांनी डाव साधला आणि सुमारे १४० पेंग्विन मारले गेले. कोल्ह्याला ‘युडी’ हे नाव गोड वाटते की उग्र, याने तिथे काहीच ठरले नाही. कुत्री बेटावर आहे की नाही, यावर सगळे ठरले.

मादी मवाळ असते या म्हणण्याची गतही तीच. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या डुबॉइस येथील मेंढी संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात राखणदार कुत्र्यांच्या कामगिरीची पाहणी केली, तेव्हा नर आणि मादी यांच्या यशात म्हणावा असा फरक आढळला नाही. पिल्लांपाशी असलेली कोणतीही गावठी कुत्री ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला यासाठी आयडाहोला जावे लागणार नाही.

भारतीय परंपरेत नावानिशी ठळकपणे येणारी श्वानव्यक्ती तर मादीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १०८ वे सूक्त म्हणजे सरमा ही कुत्री आणि पणी नावाचे गाईचोर यांचा संवाद. पणींनी गाई लपवल्या आहेत, इंद्राची दूती म्हणून सरमा रसा नदी ओलांडून त्यांच्या दारात उभी आहे. पणी तिला धमकावतात, मग गोड बोलतात, बहीण मानून गाईंचा वाटा देऊ करतात. ती बधत नाही, उलट त्यांनाच निघून जायला सांगते. पुढे बृहद्देवता या ग्रंथात ही कथा फिरवली गेली आणि तिथे सरमा दुधाला भुलते. पण मूळ सूक्तातली सरमा लाच नाकारणारीच आहे. महाभारताच्या आदिपर्वातही ती दिसते. जनमेजयाच्या भावांनी तिच्या निरपराध पिल्लाला मारले म्हणून ती यज्ञात येऊन जाब विचारते आणि उत्तर मिळत नाही तेव्हा राजाला शाप देते. या दोन्ही प्रसंगांत सरमा कुणाला चावत नाही. ती शोध घेते, ठाम उभी राहते, प्रश्न विचारते. राखणीच्या कुत्रीकडून याहून वेगळे काय हवे असते? ‘सरमा’ हे नाव हाकेलाही सुटसुटीत आहे. फक्त शेजारी शर्मा राहत असतील तर थोडा विचार करावा.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींचाही समाचार घ्यायला हवा. अर्थ कुत्रीला कळत नाही म्हणता, तर मग काहीही ठेवा, असे ही मंडळी म्हणतात. अर्थ कळत नाही हे खरेच, आवाज मात्र कळतो, आणि सगळे आवाज तिला सारखे नसतात. अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की आजूबाजूला माणसांचा कलकलाट चालू असतानाही कुत्री आपले नाव ओळखतात, फक्त कलकलाट नावाच्या हाकेपेक्षा मोठा झाला की ओळखता येत नाही. बुडापेस्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून वेगळीच गोष्ट पुढे आणली. ओळखीचा शब्द आणि अगदी निराळा निरर्थक आवाज यांतला फरक मेंदू टिपतो, पण ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलून केलेला निरर्थक शब्द त्याला वेगळा वाटत नाही. थोडक्यात, कुत्री शब्दाचा ढोबळ आकार ऐकते, बारीक कंगोरे सोडून देते.

त्यामुळे नाव आणि हुकूम एकमेकांच्या जवळ आले की घोटाळा होतो, आणि मराठी घरात हुकूम दोन भाषांतले असतात. मुले ‘सिट’, ‘स्टे’, ‘नो’, ‘डाऊन’ म्हणतात, मोठी माणसे ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’, ‘ये’, ‘गप’ म्हणतात. अशा घरात ‘बसंती’ नको, कारण हाक पुरी होण्याआधीच तिने बसायचे का हा प्रश्न उभा राहतो. ‘स्टेला’ला बोलावताना ‘स्टे’ ऐकू जाते, ‘नोरा’त ‘नो’ दडलेले आहे, ‘सोनी’ आणि ‘सोड’ यांची सुरुवात एकच, ‘येसू’ तर ‘ये’नेच सुरू होते. छोट्या पॉमेरेनियनच्या बाबतीत हा घोळ हसण्यावारी जातो. थोराड राखणदारणीने कुणाच्या धोतराचा सोगा धरलेला असताना ‘सोड’ आणि ‘सोनी’ यांत गल्लत झाली तर हसायला कुणी उरत नाही.

उच्चाराची घडणही पाहावी लागते. सुरुवातीला क, ग, त, ड, ब असा ठाशीव वर्ण असला की हाक गोंगाटातून उठून येते. शेवटी ‘आ’ किंवा ‘ई’ असला की ती ओढता येते. पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकन प्राणिवर्तनतज्ज्ञ बाईंनी निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या घोडे आणि कुत्री हाताळणाऱ्यांचे आवाज तपासले. जनावराला हलवायचे, पळवायचे असेल तर माणसे आखूड आवाज पुन्हा पुन्हा काढतात, शांत करायचे किंवा थांबवायचे असेल तर एकच लांब आवाज काढतात, असे त्यांना आढळले. राखणीच्या कुत्रीचे नाव दोन्ही प्रकारांनी घेता यायला हवे. ‘तारा तारा’ म्हटले की ती धावत यावी, ‘ताराऽऽ’ म्हटले की तिचा आवेग उतरावा. ‘ब्लेझ’ किंवा ‘स्टॉर्म’ शेवटच्या व्यंजनाशी तुटते, ते ओढताच येत नाही. नद्यांची नावे या कसोटीवर बरी उतरतात: गोदा, तापी, कोयना. (मांजरा हीसुद्धा नदीच आहे, पण कुत्रीच्या बाबतीत तो मोह टाळावा.) बिजली चालते, काशी चालते. यातले एखादे नाव घरातल्या किंवा शेजारच्या कुणाचे असेल तर ते बाद. मान-अपमानाचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला तरी एका हाकेला दोघींनी वळून पाहणे कामाचे नाही.

देवीची नावे मात्र मान-अपमान बाजूला ठेवून ठरवता येत नाहीत. ‘दुर्गा’, ‘भवानी’, ‘चंडी’ ही नावे हाकेला उत्तम आहेत. ती ठेवणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा भक्तीच असते, अवमान नसतो, आणि कुत्र्याला देवाच्या परिवारात जागा आहेच. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्ताच्या पायाशी चार असतात. तरीही कुत्रीला रागे भरावे लागते, ‘हाड’ म्हणावे लागते, शी केली म्हणून ओरडावे लागते, आणि हे सारे रस्त्यावर, चारचौघांत घडते. ज्या नावाने रागावता येत नाही ते नाव मालकाच्या तोंडात अडखळते, आणि हाक अडखळली की कुत्री जुमानत नाही. ऐतिहासिक वीरांगनांच्या नावांनाही हेच लागू आहे. वर त्यात भांडण ओढवण्याची भर.

नावात दम हवा या म्हणण्याला मराठीत एकच वजनदार दाखला देता येतो, तो ‘वाघ्या’चा. हे नाव वाघावरून आले आहे, आणि खंडोबाच्या उपासकांनाही ते आहे. रायगडावर शिवसमाधीजवळ वाघ्या कुत्र्याचा पुतळा आहे. त्या कथेला ऐतिहासिक आधार नाही असा आक्षेप घेत २०११ मध्ये तो हटवला गेला आणि पुन्हा बसवलाही गेला. तो वाद इथला विषय नाही. पण लोकांच्या मनात ‘वाघ्या’ या नावाने कोणते चित्र उभे राहते ते पाहावे. ते फाडून खाणाऱ्या जनावराचे नाही, धन्यामागे जीव देणाऱ्या इमानी कुत्र्याचे आहे. नावातला वाघ मागे पडला आणि कुत्र्याने नावाला आपला अर्थ दिला. ‘मोत्या’चेही तसेच झाले. मोती हा दागिन्यातला जिन्नस, आणि तरी खेड्यापाड्यांतल्या कित्येक मोत्यांनी खळी राखली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांसाठी चाळीसहून अधिक नावे सुचवली. हाक मारायला सोपी म्हणून सगळी आखूड आहेत, आणि त्यांत ‘राग’ आणि ‘आनंद’ या अर्थांची नावे शेजारीपाजारी नांदतात.

भपक्याची हौस असेल तर तिला वाव आहे. जातिवंत कुत्र्यांच्या नोंदणीच्या कागदावर पैदास करणाऱ्याच्या नावासकट लांबलचक नाव असते, तिथे ‘रणचंडी’ खुशाल लिहावी. घरात हाक मारायचे नाव वेगळे ठेवता येते, आणि प्रदर्शनात जाणारी बहुतेक कुत्री अशी दोन नावे बाळगतातच.

दुसऱ्याकडून आलेल्या मोठ्या कुत्रीचे नाव बदलू नये, असाही एक समज आहे. तो चुकीचा आहे. नवे नाव घ्यावे, लगेच खाऊ द्यावा, हे दिवसातून अनेकदा केले की काही आठवड्यांत प्रौढ कुत्रीही नव्या नावाला वळते. जुन्या घरी ज्या नावाने तिला मार बसला असेल, ते नाव सोडवणे तर तिच्यावर उपकारच. ‘किलर’ची ‘काशी’ करायला उशीर झाला असे कधी होत नाही. कोणतेही नाव पक्के करण्याआधी घरातल्या प्रत्येकाने अंगणाच्या एका टोकाला उभे राहून ते दोनदा हाकारून पाहावे. सगळ्यात हळू आवाजाच्या माणसाच्या तोंडून जे फाटकापर्यंत स्वच्छ जाईल ते ठेवावे, आणि बाकीची कितीही आवडली तरी सोडून द्यावीत.